कात्री लावण्याआधी... एक मिनिट!

पित्ताशयाचं ऑपरेशन म्हणजे 'आज ॲडमिट, उद्या डिस्चार्ज' असं आपण धरूनच चालतो. बहुतेकांच्या बाबतीत ते खरंही असतं. पण काही पित्ताशयं भल्याभल्या सर्जनना घाम फोडतात. अशा वेळी दुर्बिणीतून नेमकं काय करतात? आणि काय करायचं टाळतात?

'काही नाही गं, पित्त झालंय!' मराठी घरात हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतंच. डोकं दुखलं, पित्त. मळमळलं, पित्त. रात्री अकराला बिर्याणी मागवली आणि पहाटे छातीत जळजळलं, तर पित्तच पित्त! मग कोकम सरबत, मोरावळा, थंड दूध, नाहीतर ऑफिसच्या बॅगेत कायम असणारी ती गोळी. आपल्या भाषेत पित्त म्हणजे ॲसिडिटी. गंमत म्हणजे डॉक्टर ज्याला पित्त म्हणतात, त्याचा या जळजळीशी फारसा संबंध नसतो. ते पित्त यकृतात तयार होतं, यकृताच्या खाली चिकटलेल्या एका छोट्या पिशवीत साठतं आणि आपण तुपकट-तेलकट काही खाल्लं की नळीवाटे आतड्यात उतरतं. ती पिशवी म्हणजे पित्ताशय, आपलं गॉल ब्लॅडर. मसाला भरायच्या छोट्या वांग्याएवढी, निळसर-हिरवट. मावतं किती? जेमतेम 30 ते 50 मिली. कटिंगचा ग्लाससुद्धा भरणार नाही!

या पिशवीत खडे झाले की जे दुखतं त्यालाही आपण 'पित्त'च म्हणतो आणि सगळा घोळ इथेच सुरू होतो. खड्यांचं दुखणं बरगडीच्या खाली उजवीकडे किंवा पोटाच्या वरच्या भागात मधोमध येतं. बऱ्याचदा जेवणानंतर, कधी रात्री झोपेतून उठवून. अर्धा तास, दोन तास, चार तास टिकतं, पाठीत नाहीतर उजव्या खांद्याकडे जातं आणि आलं तसं निघून जातं. निघून गेलं की आपण मोकळे! गोळी घेतली होती, त्यामुळे गोळीनेच बरं वाटलं अशी खात्रीही होते. असं वर्ष-दोन वर्षं चालतं. अशातच कुणीतरी लग्नाआधी आठ-दहा किलो उतरवायचं मनावर घेतं. वजन झपाट्याने कमी केलं की खडे होण्याची शक्यता वाढते, हे क्रॅश डाएटच्या जाहिरातीत कुणी सांगत नाही. मग एखाद्या दिवशी खडा पित्ताशयाच्या तोंडाशी अडकतो आणि हलतच नाही. ताप, उलट्या, न थांबणारी कळ. पिशवी सुजते, तिची भिंत जाड होते, आजूबाजूची चरबी आणि आतडी तिला येऊन चिकटतात.

'अवघड पित्ताशय' बरेचदा असं तयार होतं. महिनोन् महिने, आपल्या डोळ्यांदेखत.

(एक खुलासा लगेच करून टाकते, नाहीतर उद्या सगळे सोनोग्राफी सेंटरसमोर रांग लावाल. पित्ताशयात खडे आहेत पण कधीच काही त्रास झाला नाही, अशांना सहसा ऑपरेशन लागत नाही. अपवाद असतात, ते डॉक्टर सांगतील. हा लेख ज्यांना त्रास होतोय, त्यांच्यासाठी.)

बॉब्लिंगेन ते भायखळा

पित्ताशय काढून टाकलं तरी माणूस मजेत जगतो, हे पहिल्यांदा दाखवलं बर्लिनच्या कार्ल लांगेनबुख यांनी, 1882 मध्ये. पुढची शंभर वर्षं हे ऑपरेशन एकाच पद्धतीने होत राहिलं. बरगडीखाली वीतभर छेद, आठवडाभर हॉस्पिटल आणि महिनाभर 'जड उचलू नका'.

मग आला 12 सप्टेंबर 1985. जर्मनीत स्टुटगार्टजवळच्या बॉब्लिंगेन गावात एरिश म्यूहं या सर्जनने पोट न उघडता, नळीतून आत बघत पित्ताशय काढलं. जगातलं पहिलं! पुढच्या वर्षी त्यांनी जर्मन सर्जनांच्या परिषदेत हे सांगितलं, तेव्हा टाळ्या सोडाच, चेष्टाच वाट्याला आली. मोठा सर्जन म्हणजे मोठा छेद, असा तो जमाना. नंतर 1987 मध्ये फ्रान्सच्या लिऑनमध्ये फिलिप मूरे यांनी व्हिडिओ कॅमेऱ्याच्या मदतीने हेच केलं आणि तिथून ही पद्धत वणव्यासारखी पसरली. म्यूहं यांचं श्रेय अमेरिकन सर्जनांच्या संघटनेने जाहीरपणे मान्य केलं ते 1999 मध्ये.

आपल्याकडे यायला फार वेळ लागला नाही. मुंबईत भायखळ्याच्या जे. जे. हॉस्पिटलमध्ये डॉ. तेहेमटन उदवाडिया 1972 पासूनच दुर्बिणीने पोटात डोकावून निदान करत होते. एका सरकारी हॉस्पिटलात, महागड्या तपासण्या न परवडणाऱ्या पेशंटसाठी. 31 मे 1990 रोजी त्यांनी तिथे दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. देशातल्या अगदी पहिल्या ऑपरेशनांपैकी हे एक. उदवाडिया यांना 2006 मध्ये पद्मश्री आणि 2017 मध्ये पद्मभूषण मिळालं. 2023 मध्ये ते गेले. आज आपल्या तालुक्याच्या गावातसुद्धा 'येथे दुर्बिणीद्वारे ऑपरेशन केले जाईल' असा बोर्ड दिसतो, त्याची मुळं अशी जे. जे.पर्यंत पोचतात.

चार भोकं आणि एक त्रिकोण

नेहमीचं, सरळ ऑपरेशन कसं होतं? पूर्ण भूल देतात. बेंबीजवळ सेंटिमीटरभर छेद घेऊन पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. पोट फुगतं, आत तंबू ठोकल्यासारखी मोकळी जागा होते. (नंतर दोन दिवस खांदा दुखतो तो याच गॅसमुळे. हात वाकडा ठेवून झोपल्यामुळे नाही!) बेंबीतून कॅमेरा, बाकी सहसा तीन बारीक भोकांतून लांब दांड्यांची हत्यारं. सर्जन पेशंटकडे बघतच नाही, बघतो स्क्रीनकडे. पित्ताशयाचं टोक पकडून वर, खांद्याच्या दिशेने ढकलायचं. मान बाजूला ओढायची. मग दिसतो एक त्रिकोण. त्यात दोन गोष्टी शोधायच्या: पित्ताशयातून निघणारी छोटी नळी आणि पित्ताशयाला रक्त पुरवणारी धमनी. दोघींना क्लिप लावायच्या, कापायच्या, पिशवी यकृतापासून सोडवायची आणि बेंबीच्या भोकातून बाहेर. तासाभराचा मामला.

आता हेच चित्र सुजलेल्या पित्ताशयात बघा. पिशवी टम्म फुगलेली, पकडायला गेलं तर हत्यार घसरतं. भिंत पुठ्ठ्यासारखी. वरून चरबीचा पडदा डकवलेला. हात लावेल तिथून रक्त झिरपतंय, म्हणजे स्क्रीन लाल. आणि तो त्रिकोण? गायब. कधी जुन्या, वारंवारच्या सुजेने पित्ताशय उलट आक्रसून यकृतात रुतून बसलेलं असतं. कधी तोंडाशी अडकलेला मोठा खडा शेजारच्या मुख्य नळीलाच दाबून धरतो. अर्जेंटिनाच्या पाब्लो मिरिझी यांच्या नावाने हा प्रकार ओळखला जातो. पेशंटला लिव्हर सिरॉसिस असेल, पोटावर आधी मोठी ऑपरेशनं झालेली असतील, तर आणखी भर.

खरी भानगड त्या मुख्य नळीची आहे. यकृतातलं सगळं पित्त आतड्यात नेणारी ही एकच वाट. पित्ताशय गेलं तरी चालतं, ही नळी गेली तर नाही. आणि ती पित्ताशयाच्या छोट्या नळीपासून असते किती लांब? काही मिलिमीटर ते दोन-तीन सेंटिमीटर. सूज आली की दोघी एकमेकींना चिकटतात.

हात नाही, डोळे चुकतात

मुख्य नळी कापली गेली तर काय होतं, याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण दुर्बिणीच्या आधीच्या काळातलं आहे. ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री अँथनी ईडन यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन एप्रिल 1953 मध्ये लंडनला झालं. त्यात पित्तनलिकेला इजा झाली. त्याच महिन्यात पुन्हा ऑपरेशन, मग जूनमध्ये थेट अमेरिकेत बोस्टनला जाऊन नळीची दुरुस्ती. ईडन बोस्टनमध्ये असतानाच पंतप्रधान चर्चिल यांना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांचा वारसदार अटलांटिकच्या पलीकडे कॉटवर! पुढे ईडन पंतप्रधान झाले खरे, पण नळी अधूनमधून त्रास देतच राहिली. 1956 च्या सुएझ प्रकरणाच्या ऐन धामधुमीत ते तापाने फणफणले होते आणि जानेवारी 1957 मध्ये प्रकृतीचं कारण देऊन त्यांनी राजीनामा दिला. सुएझचं खापर नळीवर फोडायचं की नाही, यावर इतिहासकार आणि सर्जन अजून वाद घालतात. मला विचाराल तर एवढं पुरे, की एका ऑपरेशनने त्या माणसाचं उरलेलं आयुष्य हॉस्पिटलांशी बांधून टाकलं.

आज दुरुस्ती बरीच सुधारली आहे. आतड्याचा एक भाग वर आणून तो यकृतातून येणाऱ्या नळीला जोडतात. पण ते मोठं ऑपरेशन आहे, त्यातल्या तज्ज्ञानेच करायचं. नंतरही जोड आकसतोय का, कावीळ होतेय का, यावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवावं लागतं.

1990 च्या दशकात दुर्बीण जगभर पसरली, तशा या इजाही वाढल्या. पोट उघडून करायच्या काळात हजारात एक-दोन असायच्या, त्या हजारात तीन ते पाचपर्यंत गेल्या. अलीकडच्या काही मोठ्या नोंदींमध्ये आकडा पुन्हा खाली आलाय, म्हणजे घाबरून जायचं कारण नाही. पण त्या काळात प्रश्न पडला होता तो असा, की हे शिकाऊ हातांमुळे होतंय का?

याचं उत्तर 2003 मध्ये आलं आणि ते चक्रावणारं होतं. अमेरिकेत लॉरेन्स वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुर्बिणीच्या ऑपरेशनातल्या पित्तनलिकेच्या 252 इजा एकेक करून तपासल्या. नोंदी वाचल्या, व्हिडिओ पाहिले, सोबत मानसशास्त्राची मदत घेतली. हाताच्या कौशल्यातली चूक फक्त 3 टक्के केसेसमध्ये सापडली. उरलेल्या 97 टक्क्यांत चूक होती बघण्यातली. सर्जनने जे कापायचं ठरवलं, ते अगदी सफाईने कापलं. फक्त ते भलतंच होतं!

हे कसं होतं ते कळायला सर्जन असायची गरज नाही. सदाशिव पेठेत पावसात एखाद्या मित्राचं घर शोधताना 'हाच तो बोळ' असं एकदा डोक्यात बसलं, की काय होतं आठवा. कोपऱ्यावर किराणा दुकान हवं होतं, तिथे सलून दिसतं. आपण म्हणतो, दुकान बदललं असेल. जिना डावीकडे हवा, तो उजवीकडे असतो. आपण म्हणतो, आपल्यालाच नीट आठवत नाही. मन माघार घ्यायला तयारच नसतं. स्क्रीनवरही हेच. 'ही पित्ताशयाची नळी' असं एकदा ठरलं की ती जरा जाड का दिसतेय, आणखी एक नळी कुठून आली, अनपेक्षित जागी पित्त का आलं, या सगळ्याला मन काहीतरी उत्तर शोधून देतं. अनुभवी सर्जनचं तर जास्त झटपट देतं.

म्हणून अवघड पित्ताशयाचं सगळं तंत्र शेवटी एकाच गोष्टीभोवती फिरतं: कापण्याआधी स्वतःच्या डोळ्यांवर संशय घ्यायची सक्ती.

दोन, आणि दोनच!

ही सक्ती कशी करायची, ते 1995 मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर मांडलं. 'क्रिटिकल व्ह्यू ऑफ सेफ्टी' हे त्याचं नाव. नाव भारदस्त आहे, अटी मात्र सरळ. त्या त्रिकोणातली चरबी आणि चिवट जाळं पूर्ण साफ झालेलं हवं. पित्ताशयाचा खालचा साधारण एक तृतीयांश भाग यकृतापासून सुटून मागचा पृष्ठभाग दिसायला हवा. आणि पित्ताशयाकडे जाणाऱ्या गोष्टी दोन, फक्त दोन दिसायला हव्यात. तिन्ही अटी पूर्ण झाल्या तरच क्लिप. नाही झाल्या तर नाही. मला यातली खुबी वाटते ती अशी, की इथे 'नळी कुठली?' हा प्रश्न आधी विचारतच नाहीत. आधी परिसर साफ करतात, मग नळी आपोआप ओळखू येते. बोळात शिरण्याआधी चौकात उभं राहून पाटी वाचावी, तसं.

काळजीपूर्वक काम करणारे सर्जन या टप्प्यावर अक्षरशः थांबतात. हात स्थिर, कॅमेरा पुढून आणि मागून, दोन्ही बाजूंनी. मदतनीस डॉक्टरलाही विचारायचं, 'तुला दोनच दिसतायत ना?' अर्ध्या मिनिटाचा हा पॉज, पण डोक्यात बसलेला 'हाच तो बोळ' हलवायला तेवढा पुरतो.

तिथपर्यंत पोचायचीही युक्त्यांची पोतडी असते. पित्ताशय फुगून पकडता येत नसेल तर सुईने आतलं पित्त किंवा पू ओढून ते आधी रिकामं करायचं. सुजेत कात्री-कॉटरीऐवजी सक्शनच्या बोथट टोकाने हळूहळू थर वेगळे करायचे. आणि खुणेची जागा शोधायची. यकृताच्या उजव्या भागात खालच्या बाजूला एक खाच असते, बहुतेकांमध्ये स्पष्ट दिसते. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ आंरी रूव्हिएर यांनी 1924 मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून ती 'रूव्हिएरची खाच'. सगळं चिकटून गच्च झालं तरी ही खाच जागा सोडत नाही. तिथून एक काल्पनिक रेषा धरायची. काम रेषेच्या वर, म्हणजे पित्ताशयाच्या बाजूला. खाली गेलात तर मुख्य नळीच्या अंगणात शिरलात. शंभर वर्षांपूर्वीच्या शरीरशास्त्राच्या पानातली ही खाच आज एचडी स्क्रीनवर लक्ष्मणरेषा होऊन बसलीय!

हिरवा उजेड

डोळ्यांना मदत करणारी यंत्रंही आहेत. जुनी पद्धत म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच नळीत औषध सोडून एक्स-रे काढायचा. नळ्यांचा नकाशा समोर येतो. ही कल्पनाही वर आलेल्या मिरिझी यांचीच, 1931 सालची. जगात काही ठिकाणी हा एक्स-रे प्रत्येक पेशंटमध्ये काढतात, काही ठिकाणी फक्त शंका आली तर.

नवी पद्धत जास्त फिल्मी आहे. इंडोसायनिन ग्रीन नावाचा रंग ऑपरेशनच्या काही वेळ आधी शिरेतून देतात. यकृत तो गाळून पित्तात टाकतं. मग कॅमेरा जवळच्या इन्फ्रारेड प्रकाशावर नेला की पित्ताच्या नळ्या स्क्रीनवर हिरव्या चमकतात. चरबीचा पातळ थर असला तरी खालून उजेड येतो. रंग नवा नाही, 1950 च्या दशकापासून डॉक्टर तो वापरतायत. बदललाय कॅमेरा. मोठ्या शहरांतल्या बऱ्याच हॉस्पिटलांमध्ये आता तो असतो. मात्र फार भुलू नका. भरपूर सूज आणि जाड चरबी असेल तर हा उजेडही आतच अडकतो. म्हणजे सगळ्यात जास्त गरज असते, नेमकं तेव्हाच तो मंद पडतो. हिरवा दिवा दिसला म्हणून स्ट्रासबर्गच्या तीन अटी माफ होत नाहीत.

अर्धं राहिलं तरी चालेल!

आणि एवढं सगळं करूनही तीन अटी पूर्ण होत नसतील तर? इथे लेखाचा सगळ्यात महत्त्वाचा भाग येतो, कारण पेशंट म्हणून आपला गैरसमज सगळ्यात जास्त इथेच असतो.

आपल्याला वाटतं, चांगला सर्जन म्हणजे काहीही झालं तरी 'पूर्ण' काढणारा. आणि तेही दुर्बिणीतूनच. पण 2018 च्या टोकियो गाइडलाइन्स घ्या किंवा 2020 मध्ये सर्जनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी मिळून केलेल्या शिफारशी, दोन्हींचा सूर एकच आहे: सुरक्षित दृश्य मिळत नसेल तर त्या त्रिकोणात हट्टाने खोदत बसू नका, बाहेर पडायचा रस्ता घ्या. सर्जन याला 'बेल-आउट' म्हणतात.

बेल-आउटमधला सध्याचा हिरो म्हणजे सबटोटल. पित्ताशय मानेच्या वरून उघडायचं, खडे वेचून काढायचे, जेवढी पिशवी सुरक्षितपणे निघते तेवढी काढायची आणि मानेकडचा धोक्याचा भाग तसाच सोडायचा. दक्षिण आफ्रिकेतल्या सर्जननी 1985 मध्येच पोट उघडून करायच्या ऑपरेशनात ही युक्ती सांगितली होती. म्हणजे ज्या वर्षी म्यूहं नळीतून आत बघत होते, त्याच वर्षी! स्ट्रासबर्ग यांनी 2016 मध्ये तिचे दोन प्रकार नावानिशी वेगळे केले. एकात उरलेलं तोंड उघडं ठेवतात, फार तर नळीचं भोक आतून टाक्याने बंद करतात. दुसऱ्यात उरलेला भाग शिवून छोटी पिशवीच तयार होते. पहिल्यात पित्त गळण्याची शक्यता जास्त. म्हणून पोटात ड्रेन ठेवतात. गळती बहुतेकदा आपोआप थांबते, नाहीतर तोंडातून दुर्बीण घालून नळीत स्टेंट बसवतात. दुसऱ्यात गळती कमी, पण त्या छोट्या पिशवीत पुन्हा खडे होऊ शकतात आणि काही वर्षांनी पुन्हा टेबलावर जायची वेळ येऊ शकते. दोन्हीत त्रास आहे. पण दोन आठवडे ड्रेनची पिशवी सांभाळणं आणि आयुष्यभर पित्तनलिका सांभाळणं, यात निवड कुठली करायची ते सांगायला नको.

आणखी एक रस्ता म्हणजे वरून खाली येणं. पित्ताशयाचं टोक आधी सोडवायचं, मान शेवटी. ऐकायला सोपं वाटतं, जुन्या सर्जनांचा हातखंडाही होता. पण भयंकर सूज असताना वरून येता येता हात नकळत मुख्य नळी आणि यकृताच्या मोठ्या रक्तवाहिन्यांमध्ये उतरू शकतो, असा इशारा याच स्ट्रासबर्ग यांनी दिलाय. त्यामुळे ही वाट जपून.

आणि पोट उघडणं? 'दुर्बिणीने सुरू केलं पण शेवटी ओपन करावं लागलं' हे वाक्य आपल्याकडे अपयशासारखं उच्चारतात. नातेवाईक कॉरिडॉरमध्ये कुजबुजतात, हॉस्पिटल बदलायला हवं होतं म्हणतात. असं अजिबात नाही! रक्तस्राव थांबत नसेल, काही समजत नसेल, तर छेद घेणं हा शहाणपणाचा निर्णय असतो. फक्त एक मेख आहे. दुर्बिणीच्या जमान्यात शिकलेल्या पिढीने पोट उघडून अवघड पित्ताशय काढलेली उदाहरणं कमी असतात. म्हणजे सवय नसलेलं ऑपरेशन सगळ्यात वाईट दिवशी करायचं. म्हणूनच आता आधी सबटोटलचा विचार होतो, आणि दुसऱ्या, जास्त अनुभवी सर्जनला थिएटरमध्ये बोलावणं हेही तंत्राचाच भाग मानलं जातं. त्यात कमीपणा काही नाही. फारच बिकट असेल तर पित्ताशयात नळी घालून पू बाहेर काढायचा, ऑपरेशन थांबवायचं आणि पेशंटला मोठ्या सेंटरला पाठवायचं, हाही रस्ता उघडा असतो.

'आत्ता नको, सूज उतरू दे'

पूर्वी सल्ला असायचा: तीव्र सूज आहे ना, मग अँटिबायोटिक्स द्या, सहा आठवड्यांनी बघू. ऑफिसला जाणाऱ्या माणसाला हा सल्ला भलताच आवडतो. अप्रेझल होऊन जाईल, रिलीज होऊन जाईल, मग बघू! पण 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मुख्यतः जर्मनीतल्या एका अभ्यासात 618 पेशंट घेतले. निम्म्यांचं ऑपरेशन ॲडमिट झाल्यापासून 24 तासांत, उरलेल्यांचं औषधं देऊन 7 ते 45 दिवसांच्या दरम्यान. गुंतागुंत लवकर केलेल्यांमध्ये 11.8 टक्के, थांबलेल्यांमध्ये 34.4 टक्के. कारण असं, की सुरुवातीच्या दिवसांत सुजेचं पाणी थरांमध्ये भरलेलं असतं, ते वेगळे होतात. नंतर तिथे चिवट, सिमेंटसारखा चिकटा तयार होतो.

बरं, वय झालेल्या किंवा जास्त आजारी पेशंटचं काय? त्यांना ऑपरेशन झेपणार नाही म्हणून नुसती नळी घालून पित्त काढायचं, असा प्रघात होता. नेदरलँड्समधल्या 2018 च्या एका अभ्यासात अशा जोखमीच्या 142 पेशंटची तुलना झाली. मोठी गुंतागुंत दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर 12 टक्क्यांना, नळी घातलेल्यांपैकी 65 टक्क्यांना. याचा अर्थ आजोबांना डोळे झाकून टेबलावर न्या असा नाही. अगदीच नाजूक पेशंटसाठी नळीच बरी. पण 'वय झालंय, नको' हे वाक्य आता आपोआप म्हणता येत नाही.

टाळाटाळ किती महाग पडते याचं उदाहरण कलेच्या जगातलंही आहे. हॉस्पिटलची धास्ती घेतलेला अँडी वॉरहॉल खड्यांचं दुखणं वर्षानुवर्षं अंगावर काढत राहिला. फेब्रुवारी 1987 मध्ये न्यूयॉर्कमध्ये ऑपरेशन झालं तेव्हा पित्ताशय सडलेलं होतं. दुसऱ्याच दिवशी पहाटे तो गेला. वय फक्त 58.

सर्जनसमोर बसाल तेव्हा

'डॉक्टर, दुर्बिणीनेच होईल ना?' हा आपला ठरलेला प्रश्न. तो विचाराच, पण त्यावर थांबू नका. 'आत गेल्यावर अवघड निघालं तर तुम्ही काय करता?' असंही विचारा. उत्तरात सबटोटल, ओपन, दुसऱ्या सर्जनची मदत यातलं काही आलं तर निर्धास्त व्हा. 'छे छे, आपल्याकडे शंभर टक्के दुर्बिणीनेच' असं ठणकावून सांगणाऱ्यापेक्षा 'कधीकधी थांबतो' म्हणणारा सर्जन मला तरी जास्त भरवशाचा वाटतो. संमतीपत्रावर पोट उघडण्याची शक्यता लिहिलेली असते. सही करताना ती ओळ आई-बाबांना किंवा नवऱ्याला, बायकोला वाचून दाखवा, म्हणजे कॉरिडॉरमधली कुजबुज वाचेल.

इन्शुरन्सचंही बघून ठेवा. स्वतः काढलेल्या अनेक पॉलिसींमध्ये पित्ताशयाच्या खड्यांसाठी सुरुवातीची दोन वर्षं थांबावं लागतं. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत ही अट बरेचदा नसते. नोकरी बदलण्याच्या बेतात असाल आणि दुखणं चालू असेल तर राजीनामा टाकण्याआधी एचआरला एक फोन करा.

ऑपरेशननंतर रोज थोडं बरं वाटायला हवं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, पोट फुगलं, ताप आला, उलट्या थांबेनात, डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली, तर 'गॅस असेल' म्हणत बसू नका. फोन करा, जा. पित्त गळत असेल किंवा नळीला इजा झाली असेल तर ती जितकी लवकर कळेल तितकी दुरुस्ती सोपी.

डिस्चार्ज कार्डही नीट वाचा. पूर्ण काढलं की सबटोटल, ते त्यावर स्पष्ट लिहून घ्या. पाच वर्षांनी दुसऱ्या शहरात, दुसऱ्या डॉक्टरसमोर तुम्ही 'माझं पित्ताशय काढलंय' म्हणाल आणि सोनोग्राफीत छोटीशी पिशवी आणि त्यात खडा दिसेल, तेव्हा त्या एका शब्दाने बराच गोंधळ वाचेल. काढलेली पिशवी पॅथॉलॉजीला पाठवली का, तेही विचारा. क्वचित त्यात कॅन्सर सापडतो, आणि उत्तर भारतात तर या कॅन्सरचं प्रमाण बरंच जास्त आहे. रिपोर्ट यायला काही दिवस लागतात. तोवर टाके सुकलेले असतात, आपण ऑफिसला रुजू झालेलो असतो आणि रिपोर्ट लॅबच्या काउंटरवर पडून असतो. तो घेऊन या.